घरात आयव्ही, पोरीच्या डोक्यात अर्बाना: युनिव्हर्सिटीचा नंबर लावतं तरी कोण?

संत्राबर्फी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढून राहिली, थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

आमची लेक नागपूरच्या व्हीएनआयटीत कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत एमएससाठी अर्ज टाकले होते, दोन ठिकाणांहून हो आलंय. एक डार्टमथ आणि दुसरं इलिनॉय, अर्बाना-शॅम्पेनवालं. १५ एप्रिलपर्यंत उत्तर कळवायचंय. पोरीच्या मते विषय संपला, अर्बाना. घरात मात्र विषय आत्ता कुठे सुरू झालाय.

नणंद न्यू जर्सीला असते. तिचा फोन आला, "वहिनी, डार्टमथ आयव्ही लीग आहे, आयव्ही! तिला म्हणावं नखरे नको करू. अर्बाना काय, स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिथे कोणीही जातं." नवरा म्हणतो तिला समजतं, तिला ठरवू दे, पण रात्री दीड वाजता उठून मोबाईलवर रँकिंग बघत असतो हे मी पाहिलंय. आणि सासरे. सासरे एजी ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे काटोलकडचे, संत्र्याची बाग अजून आहे. त्यांची स्वतःची यादी पक्की आहे, सायन्स कॉलेज, मॉरिस, हिस्लॉप, आणि बाकीची सगळी भरतीची. न्यायमूर्ती हिदायतुल्ला मॉरिसचे आणि नंतर केंब्रिजचे, हे आमच्याकडे जेवताना महिन्यातून दोनदा तरी निघतं. अमेरिकेतलं त्यांना हार्वर्ड माहीत, तेवढंच. शॅम्पेन म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दारूच्या नावाचं कॉलेज?"

मी त्यांना सांगितलं की ते गावाचं नाव आहे, स्पेलिंग वेगळं आहे. तर म्हणे गाव तरी कसं असेल मग.

काल संध्याकाळी पोरगी कूलरसमोर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, त्यात एक भलीमोठी एक्सेल. एका कॉलममध्ये एका एजन्सीचा नंबर, दुसऱ्यात दुसरीचा, तिसऱ्यात तिच्या सीनियर्सचं मत. तीन कॉलम, तीन वेगळे नंबर. मग मला प्रश्न पडला की कॉलेजांच्या या प्रतिष्ठेचा हिशोब नेमका ठेवतं कोण? कुठे छापलेला असतो की असाच तोंडातोंडी चालतो? जाणकारांनी लिहा. "मुलीचं ऐका" एवढंच लिहू नका, ते मला माझी आईपण सांगून राहिली.

---

तर्री_पोहे

ताई, आधी अभिनंदन, आणि बर्फी कुठे आहे?

नणंदबाईंना सांगा, आयव्ही लीग ही अभ्यासाची नाही, खेळाची लीग आहे. आठ कॉलेजं आहेत, १९५४ साली त्यांनी आपसात करार केला की आपण मॅचेस कशा खेळायच्या, स्कॉलरशिपवर खेळाडू घ्यायचे नाहीत वगैरे. एमआयटी त्यात नाही, स्टॅनफर्ड नाही. म्हणजे नणंदबाईंच्या हिशोबाने एमआयटीत पण कोणीही जातं बाप्पा.

मी बंगलोरला आहे, आमच्या टीममध्ये अर्बानाचे तीन पोट्टे आहेत. डार्टमथचा एकही नाही पाहिला अजून. आता ह्याचा अर्थ डार्टमथ खराब असा होत नाही, तिथून बाहेर पडणारेच मुळात कमी. पण कॉम्प्युटरवाल्यांना विचारा, पहिल्या पाचात अर्बाना येतेच येते, एमआयटी, स्टॅनफर्ड, बर्कली, कार्नेगी मेलन आणि त्याच दमात हे. येल, ब्राऊन खाली कुठे तरी. आमच्या लाइनमध्ये ही यादी पाठ असते, शाळेतले पाढे जसे.

---

व्हीआरसीई_८६

धागा आवडला. म्हातारा आहे, लांबण लावणार, आधीच सांगतो.

ताई, तुमची लेक जिथे शिकते ते आमच्या वेळी व्हीआरसीई होतं, विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज, १९६० चं. आमच्या डिग्रीवर नागपूर विद्यापीठाचा शिक्का आहे. २००२ च्या सुमारास सगळी आरईसी, म्हणजे रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजं, एनआयटी झाली. त्याच इमारती, तीच मेस, बरेचसे मास्तरही तेच. पण पाटी बदलली आणि दोन-तीन वर्षांत लग्नाच्या बाजारात भाव वाढला. माझ्या मेहुण्याने मला विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही एनआयटीचे का आरईसीचे?" मी म्हटलं एकाच झाडाची संत्री आहेत बाबू, पेटीवरचं लेबल तेवढं नवीन आहे.

आता मुद्दा. आमच्या पिढीत जेईईतला टॉपर कुठे जायचा? कानपूर. कॉम्प्युटर सायन्स, आयआयटी कानपूर, हे त्या काळचं पंढरपूर. त्याला कारणही होतं, कानपूरला नऊ अमेरिकन विद्यापीठांनी मिळून हात दिला होता आणि १९६३ सालीच तिथे आयबीएम १६२० मशीन आलं. मुंबईला रशियाची मदत होती, मद्रासला जर्मनीची, दिल्लीला इंग्लंडची. कॉम्प्युटर म्हटलं की कानपूर, हे डोक्यात बसलं ते असं, आणि मग पुढची पोरं त्यासाठी तिथेच गेली.

नंतर काय झालं बघा. हळूहळू टॉपर मुंबईकडे वळले. कानपूरचे मास्तर एका रात्रीत बिघडले का? मुळीच नाही. पण मुंबई शहर, एअरपोर्ट, कंपन्या, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मागच्या वर्षीचे टॉपर तिथे गेले होते. आज पहिल्या शंभरातली साठाहून जास्त पोरं मुंबई घेतात. का घेतात विचारलं तर म्हणतात, तिथली क्लोजिंग रँक, म्हणजे शेवटचा प्रवेश मिळालेल्याचा जेईईतला नंबर, सगळ्यात वर आहे. अरे, क्लोजिंग रँक म्हणजे तरी काय, मागच्या वर्षी तुझ्यासारख्याच सतरा-अठरा वर्षांच्या पोराने फॉर्म भरताना काय टिकमार्क केलं तेच ना! त्याने त्याच्या आधीच्याचं बघून केलं होतं. लग्नाच्या पंगतीत पहिला जिथे बसला त्याच्या बाजूला दुसरा बसतो आणि मग अख्खी ओळ तिथूनच धरतात, तसं आहे हे. आणि गंमत म्हणजे सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये इंजिनीअरिंगला २०१६ पासून पहिला नंबर मद्रासचा आहे, दर वर्षी. पोरं तो नंबर वाचतात आणि मुंबई भरतात.

तेव्हा ताई, यादी छापलेली असते ती एक आणि पोरांच्या फॉर्मवरून बनते ती दुसरी. खरी चालते ती दुसरी.

---

तर्री_पोहे

काका, पंगतीचं बेस्ट. पण पहिला कुठे बसतो हे पण काही उगाच नसतं ना. कूलरसमोर बसतो तो :)

---

मास्तर_हिंगणा

छापलेली यादी कशी बनते ते मी सांगतो, कारण दर वर्षी ती भरण्याचं काम माझ्या बोडख्यावर असतं. एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो, नाव विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे.

एनआयआरएफमध्ये १०० पैकी ३० शिकवणं आणि साधनं, ३० रिसर्च, २० पोरं पास होऊन पुढे काय झाली, १० मुली, गरीब, बाहेरच्या राज्यातली किती, आणि उरलेले १० परसेप्शन. म्हणजे लोकांना तुमच्याबद्दल काय वाटतं. वाटतं! बाकीच्या ९० ला कागद लावावा लागतो, या १० ला नाही. आमच्यासारख्यांना तिथे भोपळाच मिळतो, कारण देशभरातल्या कोणा प्रोफेसरला किंवा कंपनीवाल्याला आमचं नाव सुचणारच नाही. सुचण्यासाठी आधी वर असायला पाहिजे आणि वर जायला आधी सुचायला पाहिजे. व्हीआरसीई काकांची पंगत इथेपण आहेच.

आणि ९० वाल्या कागदांचं काय विचारता. एका वर्षी आमच्याकडे फॅकल्टीच्या यादीत माझ्यासमोर एका सरांचं नाव लिहिलं, ते सर त्याआधीच्या दिवाळीत रिटायर होऊन पुण्याला लेकाकडे गेले होते. मी म्हटलं हे आता नाहीत. तर उत्तर आलं, "वर्षाच्या सुरुवातीला होते ना?" मी गप्प बसलो. अजून खटकतं.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. अमेरिकेतली यूएस न्यूज मासिकाची प्रसिद्ध यादी १९८३ साली सुरू झाली तेव्हा ती निव्वळ मतांवर होती, कॉलेजच्या अध्यक्षांना विचारायचं की चांगली कॉलेजं कोणती, झाली यादी. नंतर आकडे आले. आकडे आले की आकडे रंगवणारेही आले. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच एका गणिताच्या प्रोफेसरने, मायकेल थॅडियस त्यांचं नाव, आपल्याच युनिव्हर्सिटीने पाठवलेले आकडे तपासले, वर्गात किती पोरं, किती मास्तर फुलटाइम वगैरे, आणि जुळत नाहीत म्हणून जाहीर लिहिलं. कोलंबिया दुसऱ्या नंबरवर होती, त्याच वर्षी अठराव्यावर आली. मास्तर तेच, लायब्ररी तीच, पोरंही तीच, आणि नंबर सोळाने खाली. कोलंबियासुद्धा आयव्हीच बरं का, नणंदबाईंना सांगा.

त्या माणसाला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. आमच्याकडे असं कोणी केलं तर दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी स्कूटर स्टँडवर लागेल.

---

मेडिकलवाली

आमच्याकडे हे प्रकरण अजून वेगळं. नागपुरात "मेडिकल" म्हटलं की शासकीय वैद्यकीय, १९४७ चं, आणि दुसरं "मेयो". नावावरूनच कळतं वरचं कोणतं, एकाला अख्ख्या विषयाचंच नाव. आता मिहानला एम्स आलंय, २०१८ साली त्याची पहिली बॅच आमच्याच मेडिकलच्या आवारात बसत होती, तेव्हा आमचे लोक त्यांना जरा पाहुण्यासारखं बघायचे. आता नीटची पोरं एम्सचं नाव आधी लिहितात. सात-आठ वर्षांत यादी बदलली.

पण डॉक्टर लोकांच्या आपसातल्या यादीत मेडिकल अजून खाली गेलेलं नाही, कारण आमचा हिशोब इमारतीवर नसतो, पेशंटवर असतो. कॅज्युअल्टीत विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणाच्या बॉर्डरपर्यंतची गर्दी. रात्री तीन वाजता साप चावलेला, ट्रॅक्टरखाली आलेला, आणि बाळंतीण, तिन्ही एका वेळी. तिथे हात तयार होतो तो चकाचक ठिकाणी होत नाही. मुंबईत केईएमच्या लोकांना जो मान आहे तो पण यासाठीच आहे.

तेव्हा संत्राबर्फी, लेकीला विचारा की तिच्या विषयात "पेशंट" कुठे जास्त आहेत.

---

संत्राबर्फी

मेडिकलवाली, हे छान विचारलंत, विचारते तिला.

मास्तर, रिटायर्ड सरांचं वाचून हसू आलं आणि मग वाईटपण वाटलं. व्हीआरसीई काका, तुमचं पंगतीचं मी सासऱ्यांना वाचून दाखवलं, त्यांचं म्हणणं पहिल्या पंगतीत बसलेलंच बरं, नंतर भाजीत नुसती तर्री उरते.

---

तेलतंत्री

हिस्लॉप, मॉरिस झालं, व्हीएनआयटी झालं, मेडिकल झालं, आणि एलआयटीचं कोणी नावच काढेना म्हणून आलो. अमरावती रोडवरचं लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट, १९४२ चं, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या दानातून उभं राहिलेलं, व्हीआरसीईच्या अठरा वर्षं आधीचं! २०२३ पासून स्वतंत्र युनिव्हर्सिटी आहे. पण शेजारच्या काकूंना विचारा, त्या म्हणतात, "आयटीआय का?"

हे मी स्वतः ऐकलंय, स्वतःच्या साखरपुड्यात.

पण तेल, रंग, साबण, प्लास्टिक यातल्या कुठल्याही कारखान्यात जा, प्लांट मॅनेजरला एलआयटी सांगा, खुर्ची पुढे येते. तिथे वरचं नाव एकच, मुंबईचं केमिकल टेक्नॉलॉजीवालं यूडीसीटी, म्हणजे आताचं आयसीटी, १९३३ चं, आणि त्यानंतर आम्ही. (आयसीटीवाले "त्यानंतर" मध्ये बरंच अंतर धरतात, आम्ही कमी धरतो, हे भांडण पन्नास वर्षं तरी जुनं आहे.) बाहेरच्या माणसाला दोन्ही नावं सारखीच अनोळखी. म्हणून मी म्हणतो, पत ही मोहल्ल्यातली उधारी आहे. ज्या किराणा दुकानात तुमच्या बापाला ओळखतात तिथे वही चालते, दोन चौक पुढे गेलं की रोख द्या.

सीओईपीचं बघा. १८५४ चं पुण्याचं कॉलेज, एनआयआरएफमध्ये व्हीएनआयटीच्या बरंच खाली असतं. पण महाराष्ट्रातल्या सीईटीवाल्या पोरांना विचारा, त्यांच्या तोंडात आधी सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय. नागपूरची पोट्टीसुद्धा व्हीएनआयटी सोडून पुण्याला जातात, आणि तिकडे जाऊन पोह्यात तर्री नाही म्हणून रडतात.

---

तर्री_पोहे

माझं नाव घेतल्याबद्दल आभार. आणि मी गेलो होतो, आणि रडलो होतो, हौ.

---

पासबुक_एंट्री

मी बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलवर बसते. तुम्ही सगळे मानाच्या गप्पा करून राहिले, आमच्याकडे त्याचा थेट व्याजदर होतो.

स्टेट बँकेच्या स्कॉलर लोनमध्ये देशातल्या संस्थांच्या एए, ए, बी, सी अशा याद्या आहेत. तुमचं पोरगं कोणत्या यादीत त्यावर तारण किती, व्याज किती ते ठरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी आली, त्यात सुरुवातीला ८६० संस्था, आणि त्या निवडताना आधार एनआयआरएफचा. यादीत नाव असेल तर तारण नको, जामीनदार नको. नसेल आणि रक्कम मोठी असेल तर घराचे कागद आणा. समोर बाप बसलेला असतो, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा आणि पोराचं अॅडमिशन लेटर, आणि मी कॉम्प्युटरवर कॉलेजचं नाव टाकते. येतं का नाही येतं, ते चार सेकंद. मास्तरांनी दिवाळीत गेलेल्या सरांचं नाव लिहिलं किंवा नाही लिहिलं त्याने माझ्या समोरच्या माणसाच्या शेतावर बोजा चढतो किंवा चढत नाही, एवढं लक्षात घ्या.

परदेशासाठी पण बँकांच्या आपापल्या याद्या असतात. संत्राबर्फीताई, बँकेत जाऊन दोन्ही नावं तपासा, तुमच्या घरातल्या वादापेक्षा ते उपयोगी पडेल.

---

मास्तर_हिंगणा

पासबुक, हे मी कधी या बाजूने बघितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी ते नाव मी खोडणार.

---

थेम्सकाठचा_वऱ्हाडी

बँकेचं व्याज ऐकलं, आता व्हिसा ऐका. इंग्लंडने २०२२ मध्ये एक व्हिसा काढला, नोकरी हातात नसताना दोन वर्षं येऊन राहा, काम शोधा. मुख्य अट ही की तुमची युनिव्हर्सिटी त्यांच्या यादीत पाहिजे. यादी कशी केली, तर जगातल्या तीन रँकिंगपैकी किमान दोनमध्ये पहिल्या पन्नासात असलेल्या. पहिल्या यादीत भारतातली एकही नव्हती. आयआयटीवाले माझे मित्र जे चिडले होते! आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, २०२० मध्ये, जुन्या सात आयआयटींनी त्या तिघांपैकी एका रँकिंगवर बहिष्कार टाकला होता, तुमची पद्धत आम्हाला कळत नाही म्हणून. त्यात तथ्यही होतं, पण व्हिसावाला साहेब बहिष्कार वगैरे बघत नाही.

इथली तोंडी यादी म्हणाल तर ऑक्सफर्ड-केंब्रिज एका बाजूला, आणि मग "रसेल ग्रुप". हे नाव ऐकून मला आधी वाटलं कोणी बर्ट्रंड रसेलच्या नावाने आहे. नाही हो! १९९४ साली काही कुलगुरू लंडनच्या रसेल हॉटेलात भेटायचे म्हणून ते नाव. आपल्याकडे असतं तर बर्डीच्या एखाद्या लॉजवरून पडलं असतं. आता २४ आहेत त्यात. सेंट अँड्र्यूज, १४१३ चं, त्यात नाहीच, पण इथल्या बड्या घरांत त्याचा तोरा विचारू नका, राजपुत्र शिकून गेला तिथे.

आणि ऑक्सफर्डच्या आतसुद्धा चैन नाही. कॉलेजा-कॉलेजांचा नंबर लावणारा नॉरिंग्टन टेबल नावाचा प्रकार आहे, केंब्रिजला टॉम्पकिन्स टेबल. म्हणजे ऑक्सफर्डला पोचलात तरी कोणीतरी विचारणारच, "हो, पण कोणत्या कॉलेजला?" आपल्याकडे "आडनाव काय" झाल्यावर "मूळचे कुठले" येतं ना, तस्सं.

---

वैनगंगा

सगळे अर्बानाकडून बोलून राहिले म्हणून डार्टमथची वकिली मी करते.

१. आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव जिथे रूढ झालं ती १९५६ च्या उन्हाळ्यातली बैठक डार्टमथला झाली होती. बेसिक ही भाषा १९६४ मध्ये तिथेच जन्मली, केमेनी आणि कुर्ट्झ यांनी केली, हेतू हा की गणित-विज्ञान सोडून इतर पोरांनाही कॉम्प्युटर वापरता यावा. माझ्या पिढीने शाळेत जे टेन प्रिंट, ट्वेंटी गोटू केलं ते त्यांच्यामुळे.

२. वर्ग लहान. मास्तर नावाने ओळखतो. अर्बानात तुमची लेक पहिल्या सेमला समुद्रात पडेल.

३. जुने विद्यार्थी एकमेकांना धरून असतात. न्यूयॉर्कच्या बँकांत, कन्सल्टिंगमध्ये ते नाव चालतं. १७६९ चं आहे आणि अजून स्वतःला हट्टाने कॉलेजच म्हणवतं, युनिव्हर्सिटी लावत नाही, मला तर तो हट्टच आवडतो.

पण एक मान्य करते, आयव्हीचा जो दबदबा आहे तो मुख्यतः बारावीनंतर तिथे जाणाऱ्या पोरांचा. एमएससाठी गेलेल्याला त्यातला किती वाटा मिळतो याबद्दल मी साशंक आहे. आणि एक जुना अभ्यास आहे, स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर, २००२ चा. तितक्याच हुशार पोरांची तुलना केली, नावाजलेल्या कॉलेजात गेलेली आणि त्याच तोडीची पण साध्या कॉलेजात गेलेली, तर पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. अपवाद गरीब घरच्या पोरांचा, त्यांना मोठ्या नावाचा फायदा झाला. म्हणजे नावाची गरज ज्याला घरून ओळखीपाळखी नाहीत त्याला जास्त. पासबुकच्या समोर सातबारा घेऊन बसलेल्याच्या पोराला. आणि आपण इथे बहुतेक लोक तसे नाही, तरी सगळ्यात जास्त आपणच हिरिरीने भांडून राहिलो.

---

व्हीआरसीई_८६

वैनगंगा, शेवटचं वाक्य टोचलं. बरोबर आहे, म्हणून टोचलं.

---

काटोलची_कन्या_अर्बानेच्या_वाटेवर

आई, तू माझ्यावर धागा काढलास??? आणि ७३ जणांनी वाचला पण?? मला तर्री_पोहे यांनी लिंक पाठवली, ते माझ्या ओळखीचेच निघाले, नागपूर किती लहान आहे यार.

असू दे. आता आलेच आहे तर लिहिते, कारण सगळे रँकवर बोलून राहिले आणि मला काय करायचंय हे कोणी विचारलंच नाही, मेडिकलवाली मॅडम सोडून. त्यांच्या भाषेत सांगते, माझे पेशंट अर्बानाला आहेत.

माझा बीटेक प्रोजेक्ट कंपायलरवर आहे. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला समजेल असा करून देणारा दुभाषा. आज जगात त्यासाठी जे सगळ्यात जास्त वापरलं जातं त्यापैकी एक एलएलव्हीएम, ते २०००च्या सुमारास अर्बानात सुरू झालं, ख्रिस लॅटनर तेव्हा तिथे विद्यार्थी होता आणि त्याचे गाइड विक्रम आडवे, हे मुंबई आयआयटीचे. आईच्या, बाबांच्या, आत्याच्या, सगळ्यांच्या आयफोनमधले अॅप त्यातून जातात. मी दीड वर्षं रोज रात्री त्याचा कोड वाचते. होस्टेलला मैत्रिणीकडे राहिले तर ती म्हणते तू झोपेत पण "फाय नोड" म्हणालीस.

माझ्या एक्सेलमध्ये रँकचे कॉलम तिसरे-चौथे आहेत. पहिला कॉलम मी कोणाला मेल केला आणि कोणी उत्तर दिलं हा आहे. आई तू तो स्क्रोल करून पाहिलाच नाहीस.

वैनगंगा मॅडम, डार्टमथ मलापण आवडतं, खरंच. मला पुढे काय करायचंय हे अजून ठरलेलं नसतं तर कदाचित तेच घेतलं असतं, लहान वर्गात बसून ठरवलं असतं. आणि बेसिकचं माहीत नव्हतं, मस्त.

(मलापण नंबरचं वेड नव्हतं असं नाही. बारावीत मला एका नवीन आयआयटीत दुसरी ब्रँच मिळत होती, ती सोडून मी होम स्टेट कोट्यातून व्हीएनआयटी कॉम्प्युटर घेतलं, आणि पहिले सहा महिने बजाजनगर चौकात कोणी ओळखीचं दिसलं की तोंड चुकवत होते. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.)

---

संत्राबर्फी

बाई गं. स्क्रोल केलं नाही हे खरं आहे. तोंड चुकवायचीस हे मला माहीत नव्हतं. घरी ये, बोलू.

---

मेडिकलवाली

:) पेशंट जिथे, तिथे जा बेटा.

---

तर्री_पोहे

लिंक पाठवल्याबद्दल मी माफी मागत नाही.

---

संत्राबर्फी

मंडळी, चार दिवसांनी येतेय. अपडेट देते.

पासबुकताई, बँकेत गेलो, दोन्ही नावं त्यांच्या यादीत निघाली, तेव्हा तो वाद तिथेच मिटला. नवऱ्याने रात्री मोबाईल बघणं बंद केलंय, आता दिवसा शिकागोचं हवामान बघतो.

सासऱ्यांचं मात्र अवघड वाटत होतं. परवा सकाळी पोरगी त्यांच्याजवळ जाऊन बसली, मी चहा टाकत होते, अर्धं ऐकलं. तिने रँक, एलएलव्हीएम, कंपायलर यातलं काहीच काढलं नाही. लॅपटॉपवर एक फोटो दाखवला. कॅम्पसच्या मधोमध मक्याचं शेत. मॉरो प्लॉट्स म्हणतात, १८७६ पासून तिथे पेरणी चालू आहे, कुठल्या तुकड्याला खत घालायचं, कुठल्याला नाही, दर वर्षी काय पिकलं, सगळं लिहून ठेवतात. १९६० च्या दशकात शेजारी लायब्ररी बांधायची होती, तर उंच इमारतीची सावली पिकावर पडेल म्हणून अख्खी लायब्ररी जमिनीखाली नेली. दोन मजले खाली.

सासरे बराच वेळ फोटो मोठा करून बघत होते. मग विचारलं, "सावलीसाठी?"

"हो आजोबा."

"सरकारी जागा असून?"

"हो."

त्यांनी चष्मा पुसला. आमच्या काटोलच्या बागेला लागून कोणीतरी गोडाऊन बांधलंय, त्याच्या सावलीत गेलेल्या दोन ओळींवरून ते तीन वर्षं त्याच्याशी भांडून राहिले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

काल जपानी गार्डनमधून फिरून आले ते खुशीत. तिथल्या ग्रुपमध्ये एकाचा नातू बोस्टनला आहे, एकाची सून स्टॅनफर्डची, हे महिनाभर ऐकून घेत होते बिचारे. काल म्हणे त्यांनी सगळ्यांना उभं करून मक्याचं सांगितलं, आणि बोस्टनवाल्यांना विचारलं, तुमच्याकडे कॉलेजात शेत आहे का? नव्हतं.

नणंदेला मी फॅमिली ग्रुपवर कळवलं, अर्बाना फायनल म्हणून. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. सासऱ्यांनी मात्र त्याच्याखाली लगेच उत्तर दिलं, त्यांना मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणून व्हॉइस मेसेज टाकलाय, पोरीला विचारून सांग म्हणे, तिकडे मका कोणत्या वाणाचा लावतात.

---

तर्री_पोहे

आजोबांना अॅड करा इथे. आणि ताई, बर्फी अजून आलेली नाही.